साठा-पडताळणी

पौष-माघातले एकोणीस दिवस
गच्चीवरून किल्ला दिसला नाही.

मी एजी ऑफिसात चौतीस वर्षं ऑडिट केलं.
पाने कमी, हातोडे कमी, एका धरणाच्या कामावर
तीनशे पोती सिमेंट कमी, सगळं पकडलं.
पण अख्खा किल्ला कमी?
एवढा डोंगर, त्यावरची तळी, तो निळा महाल,
आणि नोंद करायला समोर
फक्त तोमरांची पाण्याची टाकी,
तीही निम्मी.

कोहरा म्हणतात इथे. लष्करातले आम्ही मराठीही तेच म्हणतो.
धुकं फार मऊ शब्द आहे.
धुकं महाबळेश्वरला पडतं, लोक त्याचे फोटो काढतात.

मागच्या गल्लीत राठोरांच्या कारखान्यात
रात्री दोनपासून गजक कुटायचे.
लाकडी मोगऱ्यांचे ठोके भिंतीतून यायचे.
दादा म्हणायचा, थंडीची नाडी चालू आहे रे, झोप.
त्याची थांबली सात तारखेला पहाटे.
ठोके चालूच होते.

पुण्याहून मृणाल निघाली,
तिची गाडी झाशीला नऊ तास उभी.
फोनवर म्हणाली, काका, थांबाल ना?
म्हटलं, थांबतो. तोही थांबेल.
थंडीचा एवढा एक फायदा.

दहाव्याला सागरतालावर भात ठेवला.
कावळा ओरडत होता कुठेतरी, म्हणजे होता.
दिसत नव्हता, म्हणजे नव्हता.
दीड तास आम्ही त्या पांढऱ्याला हाका मारल्या.
मृणालकडे बघीन, म्हटलं.
वहिनीला इथून हलू देणार नाही, म्हटलं.
शेवटी ती एक जुनी गोष्टही कबूल केली,
कसली ते इथे लिहीत नाही.
मग खेर गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.
चालतो, म्हणाले, शास्त्रात तरतूद आहे.
तरतूद असते, मला ठाऊक आहे.
मीही अशी पुष्कळ प्रकरणं निकालात काढलीत,
मूळ पावती गहाळ, दाखल्यावर मंजूर.

त्यानंतर वसंत पंचमी झाली, कॅलेंडरात.
शेजारून पिवळा भात आला.
मी झाकून ठेवला.
आधी माल दाखवा, मग बिल.

आज फाल्गुनातला मंगळवार.
पहाटे जाग आली ती आवाजानं नाही,
आवाज नसल्यानं.
मोगऱ्या बंद. राठोरांचा पोरगा ओट्यावर बसून
कुल्फीचे साचे घासत होता.
म्हणाला, बाबूजी, हो गया सीजन.

वर गेलो.
किल्ला जागेवर होता.
धुतलेला नाही, नवा नाही, तसाच,
फक्त पायथ्याशी एक काटेसावर
अंगभर लाल, पान एक नाही.
ती आधीच्या यादीत नव्हती.
जास्तीचा मालही कळवावा लागतो,
म्हणून कळवतो.

कुमुदिनीनं रजया उन्हात टाकल्या होत्या,
कापसाला दोन महिन्यांचा ओला वास.
दोरीच्या टोकाला दादाचा मफलर,
वहिनीनं विणलेला, तपकिरी, एका कडेनं उसवलेला.
कठड्यावर कावळा उतरला.
खराखुरा, मानेशी राखाडी.
माझ्याकडे एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्यानं,
कागद तपासावा तसं.
मग लोकरीचं टोक चोचीत धरून ओढलं.
थांबला. पुन्हा ओढलं.
वीण सुटत गेली, टाक्यामागून टाका,
काही अडलं नाही.
तोमरांच्या निंबात काड्यांचं काम निघालं असणार.

जिन्यातून हिचा आवाज आला,
अहो, तो मेला कावळा बघा, हाकला त्याला!

हो, म्हणालो.
आणि दोन पावलं मागे सरकलो,
त्याला ओढायला जागा पुरावी म्हणून.